जुन्या मोटारींचे दुर्मिळ कार्ब्युरेटर कसे ओळखावेत

आमच्या बऱ्हाणपुरात जुन्या वाड्यांची विक्री झाली की मोटारखान्यातील सामानही भंगाराच्या तराजूत जाऊन पडते. पितळेचा एखादा जडसा तुकडा पितळेच्या भावाने दिला म्हणजे वारसांस व्यवहार चोख झाल्यासारखे वाटते. परंतु तो तुकडा प्रारंभीच्या काळातील मोटारीचा कार्ब्युरेटर असेल, तर त्याचे मोल वजनावर ठरत नाही. म्हणून सभासद बंधूंनी तो हातावेगळा करण्यापूर्वी काय पाहावे, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पेट्रोलचे तुषार हवेत मिसळून इंजिनास पुरविणे, एवढेच या यंत्राचे काम. एका बाजूस पेट्रोलची वाटी, तीत पातळी राखणारा फ्लोट, मध्ये अरुंद गळा व गळ्यात बारीक छिद्राची नळी, म्हणजे जेट. हवा गळ्यातून वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. जर्मनीच्या विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ साली ही तुषारपद्धती आणली. त्यापूर्वी कार्ल बेंझ यांच्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ मिळवीत.

प्रथम हवेची दिशा पाहावी. आरंभीच्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून उताराने येई, म्हणून कार्ब्युरेटर इंजिनाच्या खालच्या अंगास असे आणि हवा खालून वर जाई. वरून खाली जाणारी रचना १९३० च्या सुमारास रूढ झाली. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या, त्या या दुसऱ्या काळातील होत. मात्र एवढ्या एका खुणेवर विसंबू नये. फर्ग्युसनच्या पेट्रोल ट्रॅक्टरवरही वर जाणाऱ्या हवेचा झेनिथ असे, आणि शेतीच्या गावी तोच सापडण्याचा संभव अधिक.

नंतर धातू. पहिल्या महायुद्धापर्यंत पितळ वा काशाचे ओतीव धड सर्वसाधारण होते. पुढे बीड, ॲल्युमिनियम व जस्ताचा मिश्रधातू आला. लोहचुंबक लावल्यास बीड तत्काळ कळते. जस्तात शिशाची भेसळ राहिलेली असली तर वर्षे लोटल्यावर धड फुगते व तडकते. किडलेल्या दाण्याप्रमाणे त्याची दुरुस्ती होत नाही.

मग धडावरील अक्षरे वाचावीत. झेनिथ, सोलेक्स ही फ्रान्समधील नावे. शेब्लर, स्ट्रॉमबर्ग, हॉली व किंग्स्टन ही अमेरिकेतील. इंग्लंडच्या एस.यू. ची कथा आम्हांस विशेष गमतीची वाटते. त्याचे जनक स्किनर हे पादत्राणांच्या व्यापारी घराण्यातील. त्यांच्या पहिल्या नमुन्यांत हवेच्या ओढीने हलणारा चामड्याचा भाता होता, पुढे त्या जागी धातूचा दट्ट्या आला. आम्हां जैनांस चामडे रुचत नाही हे खरे, पण भाता दिसला तर ती वस्तू जपूनच ठेवावी.

जुने ते सर्व दुर्मिळ, असेही मात्र नव्हे. फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक निघाली. तिच्यावरील हॉली अथवा किंग्स्टन जुना असला तरी अनेकांपाशी आहे. जी गाडीच थोडी निघाली तिचा कार्ब्युरेटर, तोही वाटीचे झाकण, फ्लोट, जेट व दांड्यांसह पूर्ण, हाच खरा दुर्मिळ. सुटा घेणाऱ्याने तो कोणत्या इंजिनाचा, हे बैठकीच्या बोल्टांचे अंतर व गळ्याचा व्यास मोजून ताडावे.

घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. तारेच्या ब्रशाने किंवा आम्लाने नक्षत्रासारखी झळाळी येते, पण क्रमांक पुसले जातात. घासलेटात भिजवून मऊ फडक्याने पुसावे, आणि जेटच्या छिद्रात तार तर मुळीच घालू नये, त्याने छिद्र मोठे होते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांस स्वतंत्र नोंदणी दिली आहे. तेव्हापासून मूळ सुट्या भागांचा शोध घेणाऱ्यांस आणखी एक कारण मिळाले. विदेशातून मागणी आली तर सावध असावे: १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी, विज्ञान वा कारागिरीची साक्ष देणारी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, व तशी ती ठरल्यास खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाही.