फ्यूज उडतोय? तार गुंडाळू नका!

पालघर-बोईसर रस्त्यावर रात्री बिनदिव्याची ट्रॉली म्हणजे मागून येणाऱ्याचा काळच. फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे तार गुंडाळाल, तर वायरिंगच पेटेल. त्यापेक्षा दिव्यांतले सगळे बल्ब काढा. फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडून बटण दाबा. तो पेटला, की शॉर्ट नक्की. आता ट्रॉलीचा प्लग काढा. बल्ब विझला तर दोष ट्रॉलीत. नाहीतर ट्रॅक्टरची वायर टप्प्याटप्प्याने हलवून बघा. बल्ब लुकलुकेल तिथेच वायर सोललेली. तारापूरकडे खाऱ्या हवेने होल्डर गंजतात, तेही तपासा. दुरुस्तीनंतर ठरलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. सरपंच-ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी भातकापणीआधी गावात ही तपासणी जरूर घडवून आणावी.