घरगुती ठसाछपाई व पडदाछपाई

लाकूड, लिनोलियम किंवा रबर यांवर उठावाने कोरलेल्या आकृतीस रंग लावून ती कापडावर वा कागदावर दाबून उमटविण्याच्या क्रियेस ठसाछपाई म्हणतात. चौकटीवर ताणून बसविलेल्या बारीक जाळीचा काही भाग बंद करून उरलेल्या मोकळ्या भागातून रंग खाली उतरविण्याच्या क्रियेस पडदाछपाई म्हणतात; बाजारात ती ‘स्क्रीन प्रिंटिंग’ या नावानेच ओळखली जाते. दोन्ही प्रकारांना यंत्रसामग्री अल्प लागते, जागाही एका टेबलापुरती पुरते. त्यामुळे घरच्या घरी प्रयोग करणाऱ्यांना हे दोन्ही प्रकार सोयीचे ठरतात. त्यांतील मूलभूत भेद मात्र प्रथमच लक्षात घ्यावा लागतो. ठशावरील आकृती उलटी कोरावी लागते व चुकीने निघून गेलेला भाग पुन्हा बसविता येत नाही. पडद्यावरील आकृती सुलटीच असते आणि ती धुऊन त्याच जाळीवर दुसरी तयार करता येते. वेलबुट्टीच्या बाबतीत हा भेद फारसा जाणवत नाही. देवनागरी मजकूर छापावयाचा झाल्यास तोच निर्णायक ठरतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सांगली जिल्ह्यातील मिरजेचे आहे. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासामुळे नाना फडणवीस यांना मुद्रणाविषयी कुतूहल निर्माण झाले व एका तांबट कारागिराकडून तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्‌गीतेचा मजकूर कोरून घेण्याचा उपक्रम त्यांनी सुरू केला. (याच नानांचा कृष्णाकाठचा वाडा सातारा जिल्ह्यात वाईजवळील मेणवली येथे आजही उभा आहे.) १८०० मध्ये नानांचे निधन झाले. पुढे त्या कारागिराला मिरजेचे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांचा आश्रय मिळाला आणि १८०५ मध्ये मिरजेत ही गीता छापून झाली. मुद्रणेतिहासकार अ. का. प्रियोळकर यांनी या प्रकरणाची विस्ताराने चर्चा केली आहे. त्याच १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यातील मराठी मजकूर सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापलेला होता. एकाच वर्षातील या दोन कृतींत दोन निराळ्या वाटा दिसतात. मिरजेच्या कारागिराला ओतशाळेची गरज नव्हती. जोडाक्षरे, मात्रा, अनुस्वार यांचे शेकडो खिळे पाडण्याचा खटाटोपही करावा लागला नाही. तथापि प्रत्येक पृष्ठ अक्षरशः उलटे कोरावे लागले आणि गीता छापून झाल्यावर ते पत्रे दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाच्या उपयोगी पडणारे नव्हते. मुद्रणाचा पुढील विस्तार साहजिकच दुसऱ्या वाटेने झाला. पाच-दहा अक्षरांचा मजकूर छापू पाहणाऱ्या घरगुती प्रयोगकर्त्याला मात्र मिरजेचीच वाट आजही जवळची आहे.

कापडासाठीच्या ठशास सागवान किंवा शिसवीसारखे मुरलेले, घट्ट पोताचे लाकूड लागते. त्यावर चित्राची उलटी नक्कल उतरवून पटाशी, गोल पटाशी व टोकदार चाकू यांनी रेषेबाहेरचा भाग खोदून काढतात. हा खोलगट भाग सुमारे पाऊण ते एक सेंटिमीटर खोल असावा. तो उथळ राहिल्यास रंग तेथे साचतो आणि कापडावर डाग पडतात. मोठ्या ठशाला पाठीपर्यंत आरपार बारीक छिद्रे पाडतात, म्हणजे दाब देताना आतील हवा बाहेर पडते. कोरून झालेला ठसा काही दिवस तेलात मुरवितात. त्यामुळे तो ओल्या रंगाने तडकत नाही. लाकडाचा सराव होईपर्यंत लिनोलियम किंवा साधे खोडरबर पुरते. अक्षरे कोरताना शिरोरेषा कामी येते. ती शब्दातील अक्षरे एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे बारीक उभे दंड सहसा मोडत नाहीत. सुटा उभा राहणारा अनुस्वाराचा बिंदू मात्र नेमका प्रथम तुटतो. तो मुळातच किंचित जाड ठेवणे श्रेयस्कर. मजकूर पातळ कागदावर सुलटा लिहून तो कागद पालथा चिकटविणे हा उलटेपणावरील सर्वांत खात्रीचा उपाय होय. सरावलेले हातही केवळ अंदाजाने उलटे लिहिण्याच्या भरीस पडत नाहीत.

छपाईच्या टेबलावर घोंगडीचे दोन-तीन थर व त्यांवर धुतलेले सुती कापड ताणून अंथरतात. पृष्ठभाग किंचित मऊ असल्याशिवाय ठशाचा मध्यभाग उमटत नाही. छापावयाचे कापड साबण व धुण्याचा सोडा घालून उकळून घ्यावे लागते. गिरणीची खळ राहिल्यास रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात जातो. ठसा थेट रंगात बुडवीत नाहीत. उथळ तबकात रंगाने भिजलेली लोकरीची घडी ठेवून तीवर तो टेकवितात व कापडावर ठेवून मुठीने एकदाच ठाम आघात करतात. पुढील ठसा नेमका कोठे टेकवावयाचा हे कळण्यासाठी ठशाच्या कोपऱ्यांत लहान टिंबे कोरलेली असतात.

रंगांच्या बाबतीत हे दोन्ही जिल्हे विशेष अनुकूल आहेत. साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात हिरडा होतो, तर गूळ व हळद यांची सांगली ही मोठी बाजारपेठ आहे. हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळविलेल्या सुती कापडावर हिरड्यातील टॅनिन बसते व कापडास फिकट पिवळसर छटा येते. गंजलेले लोखंडाचे तुकडे गूळ घातलेल्या पाण्यात साधारण पंधरवडा आंबविल्यास लोहयुक्त द्रव तयार होतो. चिंचोक्याच्या पिठाने तो दाट करून वरील कापडावर छापला असता लोह व टॅनिन यांच्या संयोगाने काळा रंग उठतो. तुरटीचे द्रावण डिंकाने दाट करून छापल्यास प्रथम जवळजवळ काहीच दिसत नाही. कापड सुकवून, धुऊन मंजिष्ठेच्या काढ्यात उकळले की नेमका छापलेला भाग लाल होतो. येथे ठशाने रंग छापला जात नसून रंग धरणारे द्रव्य छापले जाते, आणि भारतीय छापील सुती कापडाच्या जुन्या कीर्तीचे मर्म हेच होते. लोहद्रव अधिक तीव्र झाल्यास मात्र काळ्या रेषांच्या ठिकाणी कापड काही वर्षांत विरते.

हळदीचा मोह घरगुती प्रयोगकर्त्यास प्रथम होतो, आणि सांगलीसारख्या ठिकाणी तो होणारच. ती तुरटीशिवायही कापडास लागते, रंग झळाळता येतो. पण तिच्यातील कुर्क्युमिन उन्हात झपाट्याने विटते आणि अल्कधर्मी पाण्यात लालसर होते. जवळची म्हणून हळदीलाच मुख्य रंग करणे म्हणूनच अयोग्य ठरते. तिचा खरा उपयोग पाण्याच्या परीक्षेसाठी आहे. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील विहिरीचे पाणी रंगकामास घेण्यापूर्वी हळदीत बुडवून वाळविलेली कागदाची पट्टी त्यात घालून पाहावी. पट्टी लालसर झाल्यास ते पाणी टाळावे.

पडदाछपाईचे सर्वांत साधे रूप म्हणजे कापलेला पत्रा. हळदीच्या वा गुळाच्या पोत्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के उमटविण्यासाठी अशा पत्र्यांचा वापर बाजारपेठांत रूढ आहे. देवनागरीत त्याची एक अडचण आहे. व, ब, प, ठ अशा अक्षरांतील आतला बंद भाग कापताच गळून पडतो. शिरोरेषेमुळे असे बंद भाग वाढतात. म्हणून अक्षरात मधूनमधून पूल ठेवावे लागतात व मजकूर तुटक दिसतो. जाळीने ही अडचण दूर झाली, कारण आतला सुटा तुकडा धाग्यांवर तोलला जातो. इंग्लंडमधील मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन याने १९०७ मध्ये रेशमी जाळीच्या पद्धतीचे एकस्व घेतले. पुढे रेशमाची जागा नायलॉन व पॉलिएस्टर यांनी घेतली. कापडासाठी एका सेंटिमीटरात सुमारे ४० ते ६० धाग्यांची, तर लग्नपत्रिकांसारख्या कागदी कामासाठी ९० ते १२० धाग्यांची जाळी घेतात.

जाळीवर प्रकाशाने कठीण होणारा लेप मंद पिवळ्या उजेडात पसरून वाळवितात. पारदर्शक कागदावर दाट काळ्या शाईने काढलेले सुलटे चित्र त्यावर ठेवून वरून काच दाबतात व ऊन दाखवितात. काळ्या रेषांखालील लेप मऊ राहून पाण्याने निघून जातो. दख्खनच्या दुपारच्या उन्हात काही सेकंदांचा फरकही पुरेसा असतो. म्हणून एका लहान तुकड्यावर पायरीपायरीने वेळ वाढवून आधी चाचणी घ्यावी. जाळी कापडापासून दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवून रबरी पट्टीने रंग एकाच दाबाने ओढतात. पट्टी दोनदा फिरविल्यास कडा फुगतात. बांधक द्रव्य मिसळलेले पिग्मेंट रंग कापडावर पक्के होण्यासाठी सुमारे १५०° से. तापमान काही मिनिटे लागते. घरी ते इस्त्रीने देतात, मात्र इस्त्री सरकती ठेवून मध्ये कोरा कागद घालतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्या जागी वापरात आलेली साधी कापडी पिशवी या सरावासाठी उत्तम ठरते.

जुन्या पद्धतीत लेप प्रकाशग्राही करण्यासाठी डायक्रोमेट क्षार वापरीत. स्वस्त असल्याने ते घरगुती कामातही शिरले. या क्षारांमुळे त्वचेवर व्रण उठतात आणि ते कर्करोगकारक आहेत. स्वयंपाकघराच्या मोरीत त्यांचे धोवण सोडणे तर सर्वथा अनुचित होय. डायझो प्रकारचे लेप सहज उपलब्ध असल्याने घरी तेच वापरावेत. हिरडा, तुरटी व लोहद्रव यांची भांडीही स्वयंपाकाच्या भांड्यांपासून कायमची वेगळी ठेवतात. लोहद्रवाचा थेंब तुरटीच्या भांड्यात पडला तरी पुढची सर्व लाल छपाई तपकिरी येते.