जुन्या मोटारीचा जुना पट्टा



विहिरीवर मोट चालत असे त्या काळी शेतकरी हंगामाच्या आधी एक गोष्ट न चुकता पाहत असे. ती म्हणजे मोटेचा नाडा. चाक नवे असो, बैल तगडे असोत, नाडा विरला असेल तर भरली मोट विहिरीत जायची. नाडा दिसायला धड आहे, एवढ्यावर कोणी विसंबत नसे. तो उलगडून, पिळून, बोटांत धरून पाहिला जाई. मोटा आता गेल्या, पण तीच पारख आणखी एका ठिकाणी लावण्याची गरज आहे. ते ठिकाण म्हणजे मोटारीत बसणाऱ्याचा सुरक्षा-पट्टा, ज्याला आपण सीट बेल्ट म्हणतो.

औसा, लातूर, नांदेड या भागात आजही एखाद्या वाड्यात, एखाद्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये जुनी ॲम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनी जपून ठेवलेली आढळते. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी तर त्याच्याही आधी बंद झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण घरच्या गाडीवर माया असते. वडिलांनी घेतलेली गाडी, वरातीला तीच पाहिजे, तुळजापूरच्या दर्शनाला तीच पाहिजे. हौसेला कोण नाही म्हणणार? फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडी जुनी असली तरी रस्ता जुना राहिलेला नाही. तुळजापूरहून औसा, लातूर, नांदेड करीत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता रुंद झाला आहे, आणि त्यावरचा वेग आपल्या जुन्या गाडीच्या जन्मकाळचा नाही.

आता वेग म्हणजे काय, ते पाहू. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एकाएकी अडली, तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. गाडी थांबते, पण माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो. समजा, पट्ट्याने ६० किलो वजनाच्या माणसाला अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवले. तेवढ्या क्षणात पट्ट्यावर सरासरी १२ क्विंटलांची ओढ येते. १२ क्विंटल म्हणजे किती, हे आडत बाजारात सोयाबीन घालणाऱ्याला निराळे सांगायला नको. हाताने दांडा धरून किंवा लेकराला मांडीवर घट्ट कवटाळून हा भार पेलणे कोणाच्याही बापाला शक्य नाही.

हा भार अंगाच्या बळकट हाडांवर वाटून द्यावा, ही पट्ट्यामागची कल्पना. पूर्वी पट्टा नुसता कमरेला असे. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीतले अभियंते नील्स बोलिन यांनी १९५९ साली खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा, तीन ठिकाणी बांधलेला पट्टा काढला. कंपनीने त्याचा हक्क स्वतःपुरता न ठेवता सर्वांना खुला केला. आज जगभर तोच पट्टा आहे. आपल्याकडे मोटार बनवणाऱ्यांनी पुढच्या आसनांना पट्टे बसवलेच पाहिजेत, असा नियम मार्च १९९४ पासून लागू झाला. याचा अर्थ असा, की त्याआधीच्या गाडीला पट्टा नसेल, किंवा मागाहून कोठेतरी बसवलेला असेल. आणि १९९४ साली आलेला पट्टाही आता तिशी ओलांडून गेला.

तुम्ही म्हणाल, पट्टा काय जेवण मागतो की म्हातारा होतो? होतो, बरं का! पट्टी नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यांनी विणलेली असते. मराठवाड्याचे ऊन काचेतून तिच्यावर वर्षानुवर्षे पडते आणि धागे ठिसूळ करते. धुळीचे बारीक कण विणीत शिरतात आणि पट्टी ओढली की आतल्या आत कानशीसारखे घासतात. घामाने आणि बॅटरीच्या तेजाबाच्या थेंबाने धागा कुजतो. शेडमध्ये उभ्या गाडीत उंदरांचे राज्य असते, हे तर तुम्हीच मला सांगाल. शिवाय पट्टी ठरवून थोडी ताणली जाईल अशी विणलेली असते. त्या ताणातच तडाख्याचा जोर जिरतो. एका मोठ्या अपघातात ताणलेली पट्टी पुन्हा तसे काम करीत नाही. वरून ती अगदी धड दिसेल, पण तिचे काम संपलेले असते.

म्हणून आधी तपासणी. पट्टी रिळातून शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेला भाग आणि बाहेरचा भाग यांच्या रंगात फरक पडला असेल, तर उन्हाने आपले काम केले आहे असे समजा. कडा उसवल्या आहेत का, केस निघाले आहेत का, पट्टी कडक झाली आहे का, नखाने घासल्यावर भुकटी निघते का, शिवणीचे टाके सुटले आहेत का, हे बोटांनी चाचपा. बकल खटकन लागले पाहिजे आणि कळ दाबताच सुटले पाहिजे. रिळाचा पट्टा असेल तर पट्टीला हिसका द्या. ती तिथल्या तिथे अडकली पाहिजे. यांतली एकही गोष्ट चुकत असेल तर पट्टा बदला. तोही अख्खा संच बदला: पट्टी, बकल, रीळ, बोल्ट सगळे. घरच्या शिवणयंत्रावर टाके घालणे, गाठ मारणे, भंगारातल्या गाडीचा पट्टा कापून आणणे, हे उद्योग करू नका. भंगारात आलेली गाडी बहुधा आपटूनच आलेली असते. नवा पट्टा घेताना त्याच्यावरची चिठ्ठी वाचा. भारतीय मानक आयएस १५१४० ची किंवा वर्तुळात ‘ई’ अक्षर असलेली खूण तिच्यावर पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १६ प्रमाणे पट्टीने निदान दीड टनाची ओढ सोसली पाहिजे. नुसती काळी चकचकीत पट्टी म्हणजे सुरक्षा-पट्टा नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पट्टा नवा आणला म्हणजे काम झाले का? नाही. पट्टा ज्याला बांधायचा, तो पत्रा कसा आहे?

हे औसा तालुक्यातल्या माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या होत्या. दगड कच्चे नव्हते; पण ते मातीत रचलेले होते आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारी बांधणी नव्हती. हजारो माणसे त्याखाली गेली. भिंतीची ताकद दगडात नसते, सांध्यात असते, हा धडा आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो. मोटारीच्या पट्ट्याचेही असेच आहे. दीड टन सोसणारी पट्टी गंजलेल्या पत्र्याला बांधली, तर ती पत्र्यासकट उपटून येईल.

म्हणून आसन बाहेर काढा, खालची चटई उचला आणि बोल्टाभोवतीचा पत्रा पेचकसाने टोचून पाहा. पेचकस आत गेला किंवा पत्र्याचे पापुद्रे निघाले, तर तो भाग कापून नवा जाड पत्रा वेल्डिंगने बसवावा लागेल. वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची नळी कोठून जाते ते पाहणे आणि बॅटरी सोडवणे विसरू नका. बोल्ट जाम झाला असेल तर रात्रभर तेल सोडून ठेवा. काढताना वायसर कोणत्या क्रमाने होते ते कागदावर लिहा. पट्ट्याची लोखंडी पट्टी बोल्टाभोवती मोकळी फिरली पाहिजे, आणि ती सोय त्या वायसरांमुळेच होते. पट्ट्याच्या बोल्टाचे आटे बहुतेक गाड्यांत इंची मापाचे असतात, सात-सोळांश इंचाचे. त्यात मिलिमीटरच्या मापाचा बोल्ट जबरदस्तीने घुसवला तर आटे मरतात. बोल्ट पट्ट्यासोबत आलेलाच वापरा. पेटीतला कोणताही जुना चालणार नाही.

गाडीत मुळात पट्ट्याची जागाच नसेल, तर काम अधिक जोखमीचे आहे. पातळ पत्र्याला भोक पाडून नट आवळणे म्हणजे कागदाला खिळा मारणे. मागच्या बाजूने निदान ३ मिलिमीटर जाडीचा, तळहाताएवढा लोखंडी तुकडा लावून भार पसरावा लागतो. वरचा टोक दाराच्या खांबात, बसणाऱ्याच्या खांद्याच्या उंचीला किंवा थोडा वर हवा. काही जण खांद्याची पट्टी आसनावरून मागे नेऊन जमिनीला बांधतात. तसे केले तर तडाख्यात तीच पट्टी खांदा खाली दाबून पाठीचा कणा चेपते. रीळही वाकडेतिकडे बसवू नका. त्याच्या आत एक लहानशी गोळी किंवा लोलक असतो. गाडीला धक्का बसला की तो हलतो आणि रीळ अडकते. रीळ तिरपे बसले तर पट्टी एक तर सदा अडकलेली राहील किंवा वेळेला अडकणार नाही. हे सारे माहीतगार कारागिराकडूनच करून घ्यावे. नंतर रिकाम्या मैदानात, हळू वेगात एकदा जोराने ब्रेक दाबून पाहावे.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केले. तशी नोंद हवी असेल तर गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. सांगाड्यात, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणून असलेल्या जागी नवा पट्टा बसवणे निराळे आणि सांगाडा कापून नवी जागा करणे निराळे. दुसरे काम करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

पट्टा बसवला तरी तो लावला पाहिजे, आणि मागे बसणाऱ्यांनीही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मरण पावले. गाडी नवी, महागडी होती. पुढे बसलेले दोघे जखमी होऊनही वाचले; मागच्या बाकावरचे दोघे गेले. मागे पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. लावताना खालची पट्टी ओटीपोटावर न ठेवता कमरेच्या हाडांवर ठेवा. गरोदर बाईने ती पोटाच्या खालून घ्यावी. वरची पट्टी मानेला न घासता खांद्याच्या मधोमध यावी.

शिक्षक मित्रहो, हा पाठ वर्गात दोन विटा आणि एका खेळण्यातल्या गाड्यात शिकवता येतो. गाड्यावर ओल्या मातीची बाहुली बसवा आणि तो उतारावरून विटेवर सोडा. बाहुली उडून पडेल. दुसऱ्या वेळी तिला बारीक दोऱ्याने बांधा. दोरा मातीत रुतेल. तिसऱ्या वेळी रुंद फितीने बांधा, आणि चौथ्या वेळी फितीचे टोक नुसते चिकटवून ठेवा. रुंद पट्टी का हवी आणि बांधणीची जागा का पक्की हवी, हे मुले न सांगता बोलतील. आणि मुले घरी जाऊन बोलली, की पुढच्या खेपेस जुनी गाडी वरातीला निघण्यापूर्वी कोणीतरी चटई उचलून पाहीलच.