विरजण शेजारी ठेवावं की परगावी?

१६ एप्रिल २०२४. संयुक्त अरब अमिरातीत पावसाच्या नोंदी १९४९पासूनच्या. त्या साऱ्यांना मागे टाकणारा पाऊस त्या दिवशी कोसळला. अल ऐन भागातल्या खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर! दुबईत रस्त्यांचे ओढे झाले, विमानतळावर पाणी साचलं.

समजा, दुबईच्या अल मनखूल भागात कुणा मराठी माणसाची छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे आणि तळमजल्यावरचा सर्व्हर त्या पाण्यात गेला. तिकिटं, व्हिसाचे कागद, येणी-देणी, सगळं त्यातच. पुढे काय करायचं, याचा आधीच करून ठेवलेला बेत म्हणजे डिझास्टर रिकव्हरी. आपल्या आज्यांना तो ठाऊक होता : घरचं विरजण नासलं, तर शेजारून वाटीभर आणायचं.

या बेताचे मुख्य प्रश्न दोनच. विरजण किती जुनं चालेल? म्हणजे शेवटच्या किती तासांच्या नोंदी बुडाल्या तरी धंदा तरेल, हा आरपीओ (रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह). आणि दही किती वेळात लागायला हवं? म्हणजे काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवं, हा आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह). परिवहन कार्यालयातल्या खेपांशी याचा संबंध नाही. इथे मिनिटं मोजतात.

खरी गंमत अंतरात आहे. आपलं विरजण म्हणजे नोंदींची प्रत. ती शेजारच्या इमारतीत ठेवली, तर एकच पाऊस दोन्ही बुडवील. मग दूर ठेवावी? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तरीही मुंबई ते चेन्नई हजारेक किलोमीटर जाऊन परत यायला त्याला दहा मिलिसेकंद लागतात. दूरच्या प्रतीकडून ‘पोचलं’ असा निरोप येईपर्यंत थांबावं, तर प्रत्येक नोंद तेवढी रखडते. न थांबावं, तर ऐन अपघातात शेवटच्या नोंदी वाटेतच हरवतात. सुरक्षितता अंतर मागते, ताजेपणा जवळीक. म्हणून मोठ्या संस्था एक प्रत जवळ ठेवतात आणि दुसरी लांब.

प्रतीपर्यंत पोचायच्या वाटाही दोन लागतात. ३० जानेवारी २००८ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या. दोनच दिवसांनी दुबईपासून ५६ किलोमीटरवर फाल्कन ही तिसरी तुटली; तिथे तळाशी पाच-सहा टनांचा, कुणा जहाजाचा टाकून दिलेला नांगर सापडला. भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट रांगू लागलं. ज्यांनी पूर्वेकडची, सिंगापूरमार्गे जाणारी वाट आधीच धरून ठेवली होती, त्यांचं काम चालू राहिलं.

पण विरजण जिवंत आहे की नाही, हे दही लावल्याशिवाय कळत नाही. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचा व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ला तांत्रिक बिघाडाने काही तास थांबला होता. याच बाजाराने शनिवारी, २ मार्च २०२४ला, सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बाजार भरवला : सकाळी पाऊण तास नेहमीच्या यंत्रणेवर आणि साडेअकरापासून तासभर पर्यायी केंद्रावरून. काहीही बिघडलेलं नसताना, खऱ्या पैशांनी केलेली ही तालीम.

मनखूलच्या एजन्सीलाही तेच जमेल. एखाद्या निवांत दुपारी नेहमीचा संगणक बंद ठेवायचा, दूरची प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवायची आणि कालचं एक तिकीट शोधून पाहायचं. ते सापडलं, तर दही लागलं.