पोवळ्यांचा तट आणि दोन वृद्ध

साठी उलटलेल्या गृहस्थानें काशीरामेश्वर करावें, अंगीं बळ असेल तर नर्मदेची परिक्रमा करावी. परंतु हिंदी महासागरांतील एखाद्या बेटावर जाऊन, डोक्यावर शिरस्त्राण चढवून समुद्राच्या तळाशीं फिरावें, हें आमच्या पिढीच्या कोणत्याच आन्हिकांत बसणारें नाहीं. तथापि आम्ही व आमचे एक बालमित्र असे दोघे 2024 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत मॉरिशस बेटीं जाऊन आठ दिवस राहून आलों. हे स्नेही टपालखात्यांत पोस्टमास्तर होते. दोन वर्षांपूर्वीं त्यांची पत्नी वारली, आणि तेव्हांपासून त्यांचें घराबाहेर पडणें जवळजवळ थांबलें होतें. घर भरलेलें आहे. मुलगे, सुना, नातवंडें, कशाची वाण नाहीं. पण भरल्या घरांतही मनुष्य एकटा पडूं शकतो, हें एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या वाचकांस निराळें सांगावयास नको. एके दिवशीं धाकट्या नातीनें समुद्राखालीं चालणाऱ्या माणसांचें चित्र दाखविलें, आणि हे एकदम म्हणाले, "मास्तर, मला हें पाहावयाचें आहे." थोरले चिरंजीव म्हणाले, "नाना, जायचें तर बदरीनाथास जा, मी तिकिटें काढतों." डॉक्टरांनीं छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि संमति दिली. त्यानंतर घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. मात्र लाडवांचे दोन डबे सामानांत आले.

मुंबईहून निघालेलें विमान सुमारें साडेसहा तासांत तेथें उतरतें व घड्याळ दीड तास मागें घ्यावें लागतें. हें बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें वीस अंशांवर आहे. आपण उत्तरेस जितके, जवळजवळ तितकेंच तें दक्षिणेस. त्यामुळें आपल्याकडे शरद् ऋतु चालू असतां तेथें वसंत असतो. पहिल्याच पहांटे पांचाच्या सुमारास आम्ही अंगणांत येऊन पाहिलें, तों ध्रुवाचा पत्ता नाहीं, आणि आपल्याकडे दक्षिण क्षितिजाजवळ घुटमळणारा अगस्ति तेथें आकाशांत अर्ध्याहून अधिक उंच चढलेला. ज्यानें समुद्र प्राशन केला, त्यानें भर समुद्रांत इतकें उंच आसन मांडावें, हें उचितच म्हणावयाचें.

आमचा मुक्काम बेटाच्या नैर्ऋत्य टोंकास, ल मोर्न नांवाच्या डोंगराच्या पायथ्याशीं होता. असल्या निवासस्थानास हल्लीं सर्वत्र रिझॉर्ट म्हणतात. तेथील व्यवस्थेविषयीं लिहिण्यासारखें थोडेंच आहे. खोली स्वच्छ, अन्न अतोनात, आणि रात्रीं वाजणारें वाद्य आमच्या कानांस दुःसह. शाकाहारी मनुष्याचे हाल होतील अशी भीति होती, ती मात्र खोटी ठरली. तेथें रस्त्यावर 'दोल पुरी' मिळते. ही हरभऱ्याच्या डाळीचें पुरण घातलेली, तिखटमिठाची पातळ पोळी असून ती नेहमीं जोडीनें विकतात. गूळ नसलेली पुरणपोळी खाऊन पोस्टमास्तरांनीं मान हालविली. पण दुसऱ्या दिवशीं पुन्हां तीच मागितली.

या बेटाचें सुख कशावर उभें आहे, हें समजल्यावांचून तेथील पाण्यांत पाय घालूं नये, असें आमचें मत झालें आहे. बेट ज्वालामुखींतून निघालेलें. त्याच्या भोंवतीं, कोठें जवळ तर कोठें दूर, सुमारें दीडशें किलोमीटर लांबीचा पोवळ्यांचा तट आहे. बाहेर महासागर गर्जत असतो. लाट तटावर आपटून फुटते. आणि आंतल्या बाजूस कमरेइतकें, छातीइतकें हिरवट निळें पाणी तळ्यासारखें पडून राहतें. पण तें तळें नव्हे. फुटलेल्या लाटांचें पाणी तटावरून अखंड आंत येत असतें, आणि आलेलें पाणी कोठून तरी बाहेर गेलेंच पाहिजे. तटाला मधूनमधून खिंडारें असतात, त्यांस तेथें 'पास' म्हणतात. गांवकुसाला जशी वेस, तशी ही तटाची वेस. सर्व बाजूंनीं आलेलें पाणी त्या एका वेशींतून ओढीनें महासागरांत जातें. वरून लाट नाहीं, फेंस नाहीं. हिरव्या पाण्यांत गडद निळा पट्टा तेवढा दिसतो, आणि नवख्या मनुष्यास तोच भाग सर्वांत शांत वाटतो.

तिसऱ्या दिवशीं पोस्टमास्तरांनीं एकट्यानें वल्हवावयाची लहान होडी मागून घेतली. छातीस तरंगणारें जाकीट बांधून दिलेलें होतें, मर्यादा दाखविणारे भोपळ्यासारखे गोळे पाण्यावर होते. अर्धा तास सर्व ठीक चाललें. मग होडी त्या गोळ्यांच्या पलीकडे दिसूं लागली. ते किनाऱ्याकडे तोंड करून जोरानें वल्हें मारीत होते, आणि होडी मागेंमागें जात होती. "मास्तर!" अशी हांक आली. आम्हांस पोहतां येतें, तें विहिरींतलें. तेथें त्याचा कांहीं उपयोग नव्हता. शेजारीं जाळें दुरुस्त करीत बसलेला एक तरुण नावाडी ती हांक ऐकतांच उठला, यंत्राची होडी ढकलून निघाला, आणि पोस्टमास्तरांस ओढून घेऊन न येतां प्रथम हातानें बाजूस जाण्याची खूण करूं लागला. प्रवाहाच्या विरुद्ध झगडणारा थकतो. प्रवाहाला आडवा जाणारा पांचदहा मिनिटांत त्याच्या कक्षेबाहेर पडतो, कारण ती ओढ रुंदीला थोडी असते. होडी आडवी वळली, वेग ओसरला, आणि मग त्यानें दोर टाकला.

किनाऱ्यावर आल्यावर तो तरुण पोस्टमास्तरांस म्हणाला, "आजोबा, तिकडे पाणी बाहेर जातें." शब्द मराठी, उच्चार फ्रेंच वळणाचा. आम्ही दोघेही त्याच्या तोंडाकडे पाहात राहिलों. त्याच्या घरांत क्रिओल भाषा बोलतात. मराठी तो शाळेंत शिकला होता, म्हणून त्याची वाक्यें क्रमिक पुस्तकांतल्यासारखीं पूर्ण व व्याकरणशुद्ध होतीं. त्याच्या खापरपणजोबांस मुंबई बंदरांतून उसाच्या मळ्यांवर आणलें होतें, एवढें त्यास ठाऊक. गांव कोणतें, हें ठाऊक नाहीं. गणेशचतुर्थीस तेथें सरकारी सुट्टी असते आणि त्यांच्या वस्तींत अजून जाखडी नाचतात, हें त्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें.

त्या रात्रीं पोस्टमास्तर पोटभर जेवले. घरीं हा प्रकार कळवावा कीं नाहीं, यावर आमचा बराच मतभेद झाला. येथें लिहिलें आहे तें त्यांच्या अनुज्ञेनेंच; घरची मंडळी हें मासिक वाचतात.

समुद्रतळावरील फेरी त्यानंतर दोन दिवसांनीं. ती बेटाच्या उत्तरेकडे, तटाच्या आंतील शांत पाण्यांत होते. होडींतून शिडीनें खालीं उतरावयाचें, आणि खांदे पाण्यांत गेले म्हणजे वरून कांचेचें जड शिरस्त्राण ठेवतात. तें खालून उघडें असतें. घंगाळांत रिकामा पेला उपडा दाबला असतां पाणी आंत शिरत नाहीं, हा प्रयोग आम्हीं वर्गांत किती वेळां केला असेल. आतां त्या पेल्यांत आमचेंच डोकें होतें. वरच्या होडींतून नळीनें हवा सारखी येत राहते व जास्त झालेली खालून बुडबुड्यांनीं निघून जाते. चष्मा कोरडा राहतो, हा वृद्धांस मोठाच लाभ. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाइतका होतो. आम्ही तीनचार मीटरच उतरणार, म्हणजे अधिक दाब सुमारें तृतीयांश. एवढाही कानास पुरतो. तिसऱ्या पायरीवर पोस्टमास्तरांचा कान ठणकला. त्यांनीं खूण केली, एक पायरी वर आले, दोनतीन वेळां आवंढा गिळला आणि पुन्हां उतरले. ज्याला दमा, हृदयाचा विकार किंवा कानाचें दुखणें आहे, त्यानें या भानगडींत पडूं नये. तेथेंही अशांस उतरूं देत नाहींत.

खालीं पांढरी वाळू, आणि पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचे थवे. वाटाड्यानें पोस्टमास्तरांच्या हातीं पावाचा तुकडा दिला व मासे बोटांशीं आले. ते लहान मुलासारखे हंसलेले आम्हीं कांचेंतून पाहिलें. तसें हंसणें दोन वर्षांत पाहिलें नव्हतें. तरी समुद्रांतील जीवांस पाव चारण्याची ही चाल आम्हांस पसंत नाहीं. पोवळें म्हणजे झाड नव्हे, दगडही नव्हे. तो चुन्याचें घर बांधणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा गांव आहे. त्यांच्या शरीरांत शेवाळासारख्या अतिसूक्ष्म वनस्पति राहतात, त्या सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास देतात. पाणी कांहीं आठवडे प्रमाणाबाहेर तापलें, कीं हा संसार मोडतो. वनस्पति निघून जातात व पोवळें पांढरें पडतें. तशीं पांढरीं झुडपें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. तट खचला तर लाटेस अडविणारें कोणी नाहीं, आणि मग हें सगळें तळ्यासारखें सुख कोठलें? 2020 च्या 25 जुलैस आग्नेय किनाऱ्यावर 'वाकाशियो' नांवाचें मोठें जहाज याच तटावर चढलें व पुढें त्यांतून सुमारें हजार टन तेल समुद्रांत सांडलें. तेव्हां बेटावरच्या लोकांनीं उसाचा पाला कापडांत भरून लांबलांब गाद्या शिवल्या आणि पाण्यांत सोडून तेल अडविलें.

ल मोर्न डोंगर 556 मीटर उंच. आमचें चढण पहांटे सुरू झालें. अर्धी वाट रुंद व सोपी. पुढें ती उभी होते, आणि शेवटीं हातापायांनीं खडक धरून चढावें लागतें. त्या खडकाच्या अलीकडे पठार आहे, तेथें आमच्या वाटाड्यानें आमचीं वयें विचारून थांबावयास सांगितलें. वाटेंत एका झुडपावर लाल घंटेसारखें फूल दिसलें. तें या देशाचें राष्ट्रीय पुष्प. या डोंगरावांचून जगांत अन्यत्र कोठेंही तें आपोआप उगवत नाहीं. तेथील लोक त्यास कानांतल्या डुलाचें नांव देतात.

पठारावरून खालीं तट, वेस, गडद पट्टा, सर्व नकाशासारखें दिसत होतें. पण या डोंगराची कीर्ति देखाव्यासाठीं नाहीं. फ्रेंचांच्या व नंतर इंग्रजांच्या अमदानींत आफ्रिका व मादागास्करांतून आणलेले गुलाम मळ्यांतून पळून याच कड्यांवर आश्रय घेत. येथील गुहांतून त्यांच्या वस्तीच्या खुणा सांपडल्या आहेत, व 2008 सालीं युनेस्कोनें हें स्थान जागतिक वारशांत घेतलें. 1 फेब्रुवारी 1835 रोजीं बेटावर गुलामगिरी बंद झाली. परंपरा अशी सांगते कीं, ही वार्ता कळविण्यास शिपाई डोंगर चढूं लागले. वर लपलेल्यांस वाटलें, आपणांस धरावयास आले. आणि त्यांनीं कड्यावरून उड्या टाकल्या. वाटाड्यानें हें सांगितल्यावर पोस्टमास्तर बराच वेळ खालीं पाहात उभे राहिले. आम्ही जवळ जाऊन उभे राहिलों. मग ते म्हणाले, "मास्तर, निरोप खरा होता. नेणारा चुकीचा निवडला." आणि आपणहून परत फिरले.

गुलाम सुटले, तेव्हां मळ्यांस मजूर हवे झाले, व 2 नोव्हेंबर 1834 पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजुरांचीं जहाजें येऊं लागलीं होतीं. 1920 पर्यंत सुमारें साडेचार लाख माणसें आलीं. भोजपुरी लोक बेटाचें नांव 'मारीच' असें उच्चारीत, आणि तेथें दगड उलटला कीं सोनें सांपडतें, असें त्यांस सांगत, ही लोककथा प्रसिद्ध आहे. भोळ्या माणसांस सोन्याचा लोभ दाखवून दूर नेणाऱ्यास याहून समर्पक नांव रामायणांतूनही दुसरें मिळालें नसतें. पोर्ट लुई बंदरांत ही मंडळी जेथें उतरली, त्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत. नांवनिशीच्या वह्या महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेविल्या आहेत, आणि पूर्वजाचा अनुक्रमांक ठाऊक असेल तर त्याचें गांव तेथें शोधतां येतें. आम्ही परततांना नावाड्यास हें सांगितलें. त्यास आधींच ठाऊक होतें, पण काम सोडून जाण्यास सवड मिळाली नव्हती. पोस्टमास्तरांनीं त्याच्याकडून घरांतलीं जुनीं नांवें कागदावर लिहून घेतलीं.

शेवटच्या दिवशीं पोर्ट लुई येथील 'ब्लू पेनी' संग्रहालयांत गेलों. तेथें 1847 सालचीं मॉरिशसचीं दोन टपालतिकिटें आहेत, एक नारिंगी व एक निळें. त्यांचा रंग विटूं नये म्हणून दिवा ठराविक वेळांपुरताच लावतात. चाळीस वर्षें तिकिटांवर शिक्के मारलेला मनुष्य त्या दिव्याची वाट पाहात भिंतीशीं उभा होता. याच तिकिटांपैकीं दोन चिकटविलेलें एक पाकीट 1850 सालीं मॉरिशसहून मुंबईस आलें होतें. पुढें 1897 मध्यें तें हिंदुस्थानांतल्या एका बाजारांत सांपडलें, व आज जगांतील अत्यंत मौल्यवान् पत्रांत त्याची गणना होते. दिवा लागला, विझला; पोस्टमास्तर बाहेर आले आणि समोरच्या टपालकचेरींतून त्यांनीं घरच्या पत्त्यावर एक कार्ड टाकलें. काय लिहिलें तें त्यांनीं आम्हांस दाखविलें नाहीं. आम्ही घरीं पोहोंचल्यावर अठराव्या दिवशीं तें आलें, व धाकट्या नातीनें तें देवघराशेजारच्या कोनाड्यांत, आजीच्या तसबिरीला टेकवून ठेविलें आहे.