मोकळ्या जागेचा पूर्वेतिहास

आपल्या गावांच्या जुन्या पेठांत एखादा मोकळा भूखंड असतोच. वाडा पडलेला, वारस दूर गेलेले, आत हातगाड्या उभ्या. तिथे सांस्कृतिक केंद्र व्हावे अशी सूचना आली, की सभेतली चर्चा थेट सभागृहाच्या खुर्च्यांवर जाते. पूर्वेतिहास न विचारता औषध लिहून देण्यासारखेच हे. या बाबतीत पॅरिसच्या पोंपिदू केंद्राची हकीकत उपयोगी पडेल.

शहराच्या जुन्या भागातली बोबूर ही दाट वस्ती. अंधारी, कोंदट घरे आणि क्षयाचा प्रादुर्भाव. पालिकेने आरोग्यास घातक ठरवलेल्या वस्त्यांत तिचा क्रमांक पहिला होता. १९३०च्या दशकात ती घरे पाडली गेली. पुढे कित्येक वर्षे शेजारच्या घाऊक बाजाराचे ट्रक तिथे उभे राहत.

१९६९ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पोंपिदू यांनी तिथे आधुनिक कलेचे संग्रहालय आणि सार्वजनिक ग्रंथालय एकत्र उभारायचे ठरवले. खुल्या स्पर्धेत ६८१ आराखडे आले. १९७१ साली रेन्झो पियानो, रिचर्ड रॉजर्स आणि जानफ्रांको फ्रांकिनी यांचा आराखडा निवडला गेला. त्यांनी जवळजवळ अर्धी जागा मोकळीच ठेवली होती. जागेच्या बाबतीतला हा अपरिग्रहच म्हणायचा. इमारतीकडे उतरत जाणाऱ्या त्या चौकात डोंबारी, विद्यार्थी, वाटसरू असे कोणीही बसू शकते.

इमारतीच्या नळ्या बाहेरून नेल्या : हवेच्या निळ्या, पाण्याच्या हिरव्या, विजेच्या पिवळ्या, माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटांना लाल रंग. त्यामुळे आतले मजले मोकळे राहिले आणि गरजेप्रमाणे भिंती हलवता येऊ लागल्या. ३१ जानेवारी १९७७ रोजी उद्घाटन झाले, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लोक येऊ लागले. ग्रंथालयाला ना वर्गणी, ना सभासदत्व. चित्रांचे तिकीट न काढणारा माणूसही त्यामुळे केंद्राचा झाला.

या औषधाचे दुष्परिणामही झाले. परिसर महाग झाला आणि साध्या उत्पन्नाच्या माणसांना तिथे राहणे कठीण झाले. उघड्यावरच्या सांगाड्याची निगाही खर्चिक. १९९७ ते २००० मोठी दुरुस्ती झाली. २०२५ पासून केंद्र पुन्हा काही वर्षांसाठी बंद आहे.

आपल्याकडे पॅरिसएवढा पैसा नाही, पण प्रश्न तेच आहेत. जागा मोकळी का पडली? आज तिथे कोणाचे पोट चालते? तिकिटाशिवाय कोण आत येऊ शकेल? वीस वर्षांनी छपराची डागडुजी कोण करील?

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट अडकलेली आहे. आपली नातवंडे घराबाहेर कन्नड, हिंदी, गुजराती बोलतात. मराठी कानावर पडते ती घरात आणि समारंभात. वर्षातून चार कार्यक्रमांपुरते उघडणारे सभागृह बांधले, तर भाषाही एरवी कुलपातच राहील. पण रोज उघडे वाचनालय, झाडाखाली कट्टा आणि शेजाऱ्यालाही बसावेसे वाटेल असे अंगण असेल, तर तिथे मराठी सहज कानावर पडेल.

म्हणून नकाशा काढण्याआधी आठवडाभर त्या जागेवर जाऊन बसा. सकाळी कोण येते, संध्याकाळी कोण थांबते, ते वहीत लिहा. ती वही सभेत आधी वाचली जावी. खुर्च्यांचा हिशेब नंतर करता येईल.