गरोदरपण, अंगावरचे दूध आणि दुकानातली वेदनाशामक गोळी

डोकेदुखी, कंबरदुखी किंवा कणकण यांसाठी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणल्या जाणाऱ्या गोळ्यांची नावे पुष्कळ असली, तरी त्यांतील घटक मोजकेच असतात. गरोदर स्त्रीने गोळी घ्यावी की नाही, हे तो घटक कोणता आणि गर्भारपणाचा कितवा आठवडा चालू आहे यांवर ठरते.

या घटकांपैकी पॅरासिटामॉल हा गरोदरपणाच्या संपूर्ण काळात पहिल्या पसंतीचा मानला जातो. प्रौढ व्यक्तीसाठी त्याची एका वेळची मात्रा ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांमधील अंतर किमान चार ते सहा तास आणि चोवीस तासांतील कमाल मर्यादा ४ ग्रॅम असते. वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास ही मर्यादा खाली येते, आणि ती ओलांडल्यास यकृताला इजा होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या औषधाचा संबंध मुलांमधील स्वमग्नतेशी जोडल्यामुळे बरीच घबराट पसरली; तथापि स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच आईच्या भावंडांची परस्परांशी तुलना करताच असा संबंध दिसेनासा झाला. आनुवंशिकता आणि घरची परिस्थिती भावंडांमध्ये बरीचशी समान असल्याने ही तुलना अधिक विश्वासार्ह ठरते. उलट, गरोदरपणात जास्त ताप अंगावर काढणे हेच गर्भाला अपायकारक ठरू शकते.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि नेहमीच्या मात्रेतील ॲस्पिरिन यांची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखून वेदना आणि सूज कमी करतात. परंतु गर्भाला तीच द्रव्ये दोन कामांसाठी लागतात. गर्भाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा त्यांच्यावर अवलंबून असतो आणि गर्भाभोवतीचे पाणी, म्हणजे गर्भजल, विसाव्या आठवड्यानंतर मुख्यतः त्याच्या मूत्रापासूनच बनते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासून ही औषधे टाळण्याचा इशारा दिला. दुसरे काम असे की, गर्भाची फुप्फुसे श्वासासाठी वापरात नसल्याने रक्ताला त्यांच्या बाहेरून नेणारी एक वाहिनी ही द्रव्ये उघडी ठेवतात, आणि सुमारे तिसाव्या आठवड्यानंतर ही औषधे घेतल्यास ती वाहिनी जन्मापूर्वीच आकुंचन पावू शकते. पहिल्या वीस आठवड्यांतही ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. मात्र रक्तदाबाचा धोका असलेल्या स्त्रीला डॉक्टरांनी दिलेले ॲस्पिरिन अल्प मात्रेतील असते. ते घाबरून परस्पर बंद करू नये.

खरी अडचण मिश्र गोळ्यांची आहे. कॉम्बिफ्लॅमसारख्या गोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही असते, डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असल्याने वेगळी गोळी घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. गोळीच्या पट्टीवरील बारीक अक्षरांतला मजकूर वाचणे कंटाळवाणे असले, तरी त्याला पर्याय नाही.

बाळंतपणानंतर हे चित्र पालटते, ही बाब अनेकींना ठाऊक नसते. आयबुप्रोफेन आईच्या दुधात अत्यल्प प्रमाणात उतरते, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या मातेला पॅरासिटामॉलप्रमाणे तेही सहसा चालते. ॲस्पिरिनची वेदनाशामक मात्रा या काळातही टाळतात, कारण लहान मुलांमध्ये यकृत आणि मेंदूला ग्रासणाऱ्या राय सिंड्रोम या दुर्मिळ पण गंभीर आजाराशी त्याचा संबंध आढळला आहे. कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांबाबत अधिक कडक भूमिका आवश्यक आहे: काही स्त्रियांचे शरीर कोडीनचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर करते, ते दुधातून बाळाकडे जाते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असते, हे येथे विसरता कामा नये.

प्रत्येक दुखणे गोळीने दाबण्याजोगे नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. विसाव्या आठवड्यानंतर, तसेच बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत, तीव्र किंवा न थांबणारी डोकेदुखी होत असेल, दृष्टी अंधुक होत असेल, चेहऱ्यावर वा हातांवर एकाएकी सूज आली असेल किंवा बरगड्यांखाली दुखत असेल, तर ती रक्तदाब धोकादायकरीत्या वाढल्याची खूण असू शकते. अशा वेळी गोळीच्या परिणामाची वाट न पाहता, त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात रक्तदाब मोजून घ्यावा.